पाणी वाजेपर्यंत

लसींच्या खोलीत घाईला बंदी होती. तशी पाटी कुठे लावलेली नव्हती, कारण पाटीपेक्षा मावशीचा चेहरा जास्त परिणामकारक होता. सकाळी ती डीप फ्रीझरचं झाकण उघडायची, आतले आइसपॅक, म्हणजे पाणी भरून गोठवलेल्या चपट्या प्लॅस्टिकच्या बाटल्या, एकेक करून बाहेर काढायची आणि लांबलचक टेबलावर एकमेकांना शिवणार नाहीत अशा बेताने मांडायची. मग स्टुलावर बसून राहायची. बाहेर गाडी तयार, नर्सा तयार, लसीचे डबे धुऊन-पुसून तयार, आणि ही बाई आपली बसलेली! नवीन माणसाला वाटायचं, कामचुकार दिसतेय. जुन्यांना माहीत होतं की मावशी बसलेली असते तेव्हाच खरं काम चाललेलं असतं.

पॅकवर आधी पांढरा बर्फाचा भुसा असतो. तो ओला होतो, मग पॅकला घाम फुटतो. तरी मावशी उठायची नाही. बऱ्याच वेळाने एक पॅक उचलायची, कानाशी नेऊन हलवायची. आत ‘चुळुक’ असं वाजलं, म्हणजे थोडं पाणी सुटलं, की तो पॅक पास. नाही वाजलं तर परत टेबलावर. आत बर्फ आणि पाणी दोन्ही नांदायला लागले की पॅक शून्याच्या खाली जात नाही. त्याआधी घाई करून डब्यात घातला तर शेजारची लस गोठते. आणि काही लसी अशा नाजूक असतात की एकदा गोठल्या की संपल्या. पुन्हा वितळल्या तरी त्यांच्यात राम राहत नाही. टोचलं काय नि न टोचलं काय, बाळाला सारखंच.

अख्खा दवाखाना तिला थंडीमावशी म्हणायचा. हे नाव खोलीमुळे पडलं की स्वभावामुळे, यावर दोन तट होते.

स्वभावाचं मूळ तिच्या प्रशिक्षणात होतं. ती नोकरीला लागली तेव्हा शिकवायला एक म्हातारे प्राध्यापक आले होते. त्यांनी वर्गात गरम चहा मागवला आणि सगळ्यांच्या देखत त्यात बर्फाचा खडा टाकला. चहा कोमट झाला. “आता मला माझा गरम चहा आणि माझा बर्फ परत द्या,” ते म्हणाले. वर्ग हसला. “हसू नका. याला मोठं नाव आहे, एन्ट्रॉपी. नाव विसरलात तरी चालेल. उष्णता गरमाकडून गाराकडे पळते आणि पळता पळता अशी काही नासधूस करून जाते, की ती पुन्हा भरून काढता येत नाही. दोघांमधली तफावत जितकी मोठी तितकी नासधूस मोठी. ती बंद करणं कुणाच्या बापाला जमलेलं नाही. पण तफावत कमी ठेवा, सबुरी धरा, मग नासधूस थोडक्यात भागते. तुमची नोकरी एवढीच आहे.” मग त्यांनी तो कोमट चहा पिऊन टाकला.

मावशीला हे इतकं पटलं की तिने ते संसारालाही लावून टाकलं. तिचे मिस्टर पोस्टातून निवृत्त झालेले, पण राग अजून नोकरीवर होता. ते तापले की मावशी लगेच गार शब्द टाकायची नाही. आधी इकडचं तिकडचं बोलून त्यांना कोमट करायची आणि मग मुद्द्यावर यायची. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात त्यामुळे फारसं काही तडकलं नाही. प्राध्यापकांचं नाव निघालं की ती आजही हात जोडायची.

लसीच्या कुपीवर एक खूण असते, तीही तिला फार आवडायची. एक गडद गोल, त्यात एक फिका चौकोन. कुपीला जेवढी ऊब लागेल तेवढा तो चौकोन गडद होत जातो. गोलाएवढा गडद झाला की कुपी फेकायची. पुन्हा फ्रिजमध्ये ठेवलीत, बर्फात पुरलीत, नवस बोललात, तरी चौकोन फिका व्हायचा नाही. तो फक्त पुढेच जातो. नवीन नर्सांना हे सांगताना मावशी म्हणायची, “मागे आणायचा प्रयत्नच करू नका. सावकाश पुढे जाऊ द्या, म्हणजे झालं.”

या सगळ्या सबुरीचा सगळ्यात जास्त जाच व्हायचा तो व्हॅनच्या ड्रायव्हरला. उंच, सडपातळ, सदा किल्ली बोटावर फिरवत उभा असलेला माणूस. डबे गाडीत चढायच्या आत त्याचं इंजिन चालू. मावशीनेच त्याचं नाव घाईबुवा ठेवलं. सुरुवातीला ते दारात येऊन हॉर्न वाजवायचे. मावशी आतून ओरडायची, “हॉर्नने बर्फ वितळत नाही हो!” पुढे ते हॉर्न वाजवायचे बंद झाले, मग दारात उभे राहायला लागले, आणि शेवटी शेवटी आत येऊन टेबलाशी बसायला लागले. वयाने माणूस निवळतो, मावशीला वाटलं.

त्या काळात तिला बऱ्याच गोष्टी निवळल्यासारख्या वाटत होत्या. खोलीतले फ्रिज आधी दिवसभर घुं-घुं करून डोकं उठवायचे, ते हळूहळू शांत झाले. मेकॅनिक दुरुस्तीला आला तेव्हा मावशीने त्याचं तोंड भरून कौतुक केलं. “काय हात आहे तुझा! किती वर्षांनी या खोलीत शांतता आली.” तो गोंधळला, पण कौतुक कुणाला नको असतं? मान हलवून चहा पिऊन गेला. घरीही तसंच. मिस्टर दुसऱ्या खोलीतून टोमणा मारायचे आणि मावशी उत्तर द्यायची नाही. मिस्टर शेजाऱ्यांना कौतुकाने सांगत सुटले की आमची मंडळी आता फार समजूतदार झाली. खिडकीतल्या पाखरांनीही झाड बदललं असावं, असं मावशीने स्वतःची समजूत घालून ठेवली होती. इतका पुरावा समोर असताना बाईला शंका येऊ नये! पण जी गोष्ट आपल्याकडून थोडी थोडी जाते, ती गेल्याचं कळायला दुसरं कुणीतरी लागतं.

एकाच बाबतीत घाईबुवांशी तिचं वाजलं. गावोगावच्या लसीकरण केंद्रांवरून तक्रारी यायला लागल्या की गाडी रोज थोडी उशिरा पोचते. मावशीने सगळ्यांसमोर त्यांना धारेवर धरलं. “मी इथे जीव मुठीत धरून पॅक तयार करते आणि तुम्ही रस्त्यात कुठे टपरीवर बसता?” घाईबुवा किल्लीकडे बघत म्हणाले, “वय झालं ताई. हळू चालवतो.” तक्रारी येतच राहिल्या. मावशीने शेवटी हात टेकले.

मग घाईबुवांचा गुडघा गेला. ऑपरेशन ठरलं, ते रजेवर गेले आणि बदली ड्रायव्हर आला. हसतमुख, चलाख. डबे चढवले की भुर्रकन गेला. केंद्रांवर गाडी वेळेत पोचली. मावशी खूश.

पहिल्याच आठवड्यात डोंगराकडच्या केंद्रावरची नर्स दुपारी स्वतःच डबा घेऊन परत आली. घामाघूम, चेहरा उतरलेला. “मावशी, कुपी हलवली तर आत कण फिरतायत. मला ते ठीक वाटलं नाही. एकालाही टोचलं नाही. बाळं घेऊन आया रांगेत उभ्या होत्या, सगळ्यांना परत पाठवलं. मला काय काय बोलल्या म्हणून सांगू!”

मावशीने डबा तिच्या हातातून घेतला. डॉक्टरीणबाईंना बोलावलं. दवाखान्याच्या त्या मुख्य. आवाज चढवणं त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी डोंगराकडे गेलेल्या लसीच्याच खोक्यातली एक कुपी मुद्दाम गोठवायला ठेवली. दुसऱ्या दिवशी ती वितळू दिली आणि परत आलेल्या कुपीबरोबर, आणि फ्रिजमधून न हललेल्या एका कुपीबरोबर, हलवून टेबलावर उजेडात ठेवली. डोंगराकडची नर्सही निकाल बघायला आली होती. तिघी बघत बसल्या. फ्रिजमधली कुपी दुधाळच राहिली. मुद्दाम गोठवलेलीत वरचं पाणी नितळ झालं आणि खाली साका बसला. डोंगरावरून आलेलीतही तसाच बसला. बर्फ वितळला होता, पण गोठताना एकमेकांना चिकटलेले कण काही सुटले नव्हते.

“गोठलीय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मावशीने आधी त्या नर्सचे दोन्ही हात धरले.  या पोरीने शिव्या खाल्ल्या आणि रांगेतलं एकेक बाळ वाचवलं. नाहीतर आया निर्धास्त होऊन घरी गेल्या असत्या आणि बाळांच्या अंगात नुसतं पाणी गेलं असतं. मावशीला त्या क्षणी आपल्या नोकरीचं काही वाटत नव्हतं. ते नंतर वाटायचं होतं.

“मावशी, तुम्ही पॅक वाजवून बघता ना? मला दाखवा कसं बघता ते.” डॉक्टरीणबाईंच्या विचारण्यात संशय नव्हता, खरोखरच कोडं पडलं होतं. एवढी वर्षं या खोलीतून एक कुपी गोठून गेली नव्हती.

“हे बघा,” मावशी म्हणाली. शिकवायची सवय होतीच. तिने फ्रीझरमधून एक पॅक काढला, हाताला चिकटेल इतका कडक. “हा तयार नाही. हा वाजणार नाही.” आणि कानाशी नेऊन हलवला.

चुळुक.

मावशी थबकली. पॅककडे बघितलं. आत्ता, या घडीला तिने तो फ्रीझरमधून काढला होता. त्यात थेंबभर पाणी असणं शक्य नव्हतं. पुन्हा हलवला. पुन्हा चुळुक. मग तिने टेबलावरचा, घाम फुटलेला, पाणी सुटलेला पॅक उचलला. तोही हलवला. तीच, अगदी तीच चुळुक. कमी नाही, जास्त नाही.

तो आवाज पॅकमधून येतच नव्हता. इतकी वर्षं हात हलला की कानात चुळुक व्हायची, आता हात हलला की ती आपोआप होत होती. खरा आवाज कधीच गेला होता आणि सवयीने त्याची जागा धरून ठेवली होती.

“बाई,” मावशी सावकाश म्हणाली, “मला ऐकू येत नाही.”

डॉक्टरीणबाईंनी तिला स्टुलावर बसवलं. समोर येऊन, तोंड दिसेल असं बसून म्हणाल्या, “आधी कान दाखवून या. तोवर या खोलीत तुम्ही एकटीने काम करायचं नाही. पुढचं पुढे बघू.” ‘पुढचं’ म्हणजे काय ते दोघींनाही कळत होतं. ही खोली दुसऱ्या कुणाच्या हातात जाणार, किंवा नाही जाणार. मावशीला त्या फ्रीझरच्या झाकणावर हात ठेवल्याशिवाय दिवस उजाडल्यासारखं वाटायचं नाही.

पण एक गोष्ट तिला काही सुचू देईना. कान काही त्या आठवड्यात गेले नव्हते. मग आधी पॅक कसे काय चुकले नाहीत? फळं घेऊन ती घाईबुवांच्या घरी गेली. गुडघ्याची विचारपूस हे निमित्त. घाईबुवा पलंगावर पाय लांब करून बसले होते. “या ताई! गुडघ्यात नवा माल टाकलाय, आता गाडीपेक्षा मीच पळणार.”

“डोंगराकडे पॅक कडक गेले. लस गोठली,” मावशीने सांगून टाकलं.

घाईबुवांचं हसू विरलं. “कुणाला टोचलं?”

“नाही. नर्सने ओळखलं.”

त्यांनी डोळे मिटून घेतले. जीव भांड्यात पडलेला स्पष्ट दिसला. त्यांची बायको दारात उभी होती, ती म्हणाली, “आता तरी सांगा त्यांना. किती दिवस पोटात ठेवणार?”

मग घाईबुवा बोलले. मावशीला ओठ दिसावेत म्हणून मान वर करून बोलले, आणि त्या मान वर करण्यावरूनच तिला कळलं की हे त्यांना खूप दिवसांपासून जमतंय. “एकदा मी तुमच्या मागे उभा होतो. एक पॅक तुम्ही पास केलात, तो मी उचलला, तर दगड. हाक मारली. तुम्ही वळलात नाही. मला वाटलं, रागावल्या असतील. परत मारली. मग तुम्ही आपल्या आपण वळलात आणि माझ्याकडे बघून छान हसलात. तेव्हा कळलं.”

“मग?”

“मग काय? इथून निघालो की कोपऱ्यावर, पाण्याच्या टाकीपाशी, गाडी उभी करायचो. डब्यातले पॅक काढून वाजवायचे. जे कडक असतील ते बॉनेटवर ठेवायचे, इंजिन गरम असतंच. वाजले की परत आत. तुमचे बरेचसे बरोबरच असायचे हो! हाताचा अंदाज पक्का आहे तुमचा. एखाद-दुसराच निघायचा.”

मावशी ऐकत होती, म्हणजे बघत होती. “आणि मी तुम्हाला उशिरावरून सगळ्यांसमोर बोलले.”

“बोललात की. चांगलं खरपूस बोललात.”

“मला सांगायचं ना, दादा!” मावशीचा आवाज चढला. “मला बोलला असतात तर मी काय तुम्हाला खाल्लं असतं? तुम्ही रजेवर गेलात, आणि ती नर्स तिथे नसती तर?”

“ते चुकलंच माझं,” घाईबुवा खाली बघून म्हणाले. मग आठवण होऊन पुन्हा मान वर केली. “रोज ठरवायचो, आज सांगतो. पण तुमच्या हातातून ती खोली गेली असती. ती खोली तुमच्याशिवाय मला बघवली नसती ताई. ऑपरेशनच्या आधी तरी सांगायला हवं होतं. भूल उतरल्यावर पहिलं तेच आठवलं. पण बदलीवाल्याला निरोप द्यायचा तर काय सांगून द्यायचा?”

मावशीचा राग थोडा वेळ टिकला. पण तो तापलेला राहायला काही आधार सापडेना. ज्या माणसाला एक मिनिट थांबवत नव्हतं, तो रोज उन्हात गाडी उभी करून, बॉनेटवर बाटल्या मांडून, तिच्यासारखाच वाट बघत उभा राहत होता. वर तिच्या शिव्या खात होता. तिने पिशवीतली फळं काढून त्यांच्या उशाशी एकेक मांडली, एकमेकांना शिवणार नाहीत अशी, सवयीने.

“दादा, तुमचे फार उपकार झाले माझ्यावर,” ती म्हणाली. “आणि परत असं कधी करायचं नाही.”

कानाच्या डॉक्टरांनी यंत्रं लावून तपासलं. मिस्टर सोबत होते. डॉक्टर म्हणाले, “कानाच्या आत बारीक केसांसारखे तंतू असतात. वयाने आणि यंत्रांच्या सततच्या घरघरीने ते झिजलेत. ते पुन्हा उगवत नाहीत. गेलेलं परत आणता येणार नाही, पण मशीन लावून उरलेलं नीट वापरता येईल, आणि सांभाळलंत तर उरलेलं बरीच वर्षं टिकेल.” असं सांगितल्यावर लोक रडतात, हे त्यांना माहीत होतं. ही बाई हसली.

“चौकोन,” ती मिस्टरांना म्हणाली. मिस्टरांना काही कळलं नाही. ते वेगळ्याच हिशोबात होते. “म्हणजे एवढी वर्षं ही माझं मुकाट्याने ऐकून घेत नव्हतीच?” पण बाहेर येताना त्यांनी मावशीचा हात धरला. कुणी त्यांना असा हात धरताना कधी बघितलं नव्हतं. मशीन त्यांनीच हट्टाने चांगल्यातलं घ्यायला लावलं.

मशीन लावून मावशी लसींच्या खोलीत शिरली आणि कानांवर हातच ठेवले. फ्रिज किंचाळत होते! मेकॅनिकला तातडीने बोलावणं गेलं. “शांत केले होतेस ना रे?” त्याने खाली मान घालून सांगितलं, “मी तेव्हा काहीच केलं नव्हतं मावशी. तुम्ही एवढं कौतुक केलंत, नाही कसं म्हणू?” मावशी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग त्याच्याकडून खरोखरची दुरुस्ती करून घेतली.

डॉक्टरीणबाईंनी ‘पुढचं’ ठरवलं होतं. खोली मावशीकडेच राहणार, मात्र यापुढे प्रत्येक पॅक दोन माणसांनी वाजवायचा. मावशी असो की आणखी कुणी, एकट्याच्या कानावर भिस्त नको. सांगताना त्या म्हणाल्या, “हा नियम आधीच करायला हवा होता. चूक माझीही आहे.”  मावशीने फ्रीझरच्या झाकणावर हात ठेवला.

घाईबुवा काठी टेकत कामावर परतले त्या दिवशी पॅक टेबलावर मांडलेले होते आणि मावशी स्टुलावर होती. तिने त्यांच्यासाठी दुसरं स्टूल आणून ठेवलं होतं. दोघं बसून राहिले. पॅकला घाम फुटला. मावशीने एक उचलला, मशीनपाशी नेऊन हलवला. आवाज आला, पण तिच्या ओळखीचा नव्हता, डब्यात खडे हलवल्यासारखा जरा पत्र्याचा होता. जुनी चुळुक आता कधी ऐकू यायची नव्हती. तिने पॅक घाईबुवांकडे दिला. त्यांनी हलवला, मान डोलावली. मग दुसरा. मग तिसरा. एक कडक निघाला, तो दोघांनीही एकदमच नाकारला.

डबे भरले, गाडीत चढले. मावशी दारापर्यंत गेली. व्हॅन निघाली, उतारावरून खाली गेली, कोपऱ्याला वळून दिसेनाशी झाली. मावशी आत वळणार, तेवढ्यात तिला ब्रेक लागल्याचा आवाज आला. मग इंजिन बंद झालं. टाकीपाशी.

गाडी रोज तिथे थांबत होती आणि रोज ती याच दारात उभी होती, पण हा आवाज तिच्या कानांवर आज पहिल्यांदाच पडला. दोघांनी मिळून प्रत्येक पॅक वाजवून बघितला होता. तरी या माणसाने गाडी थांबवली होती. गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि मग बराच वेळ काही नाही.

मावशीला घाई नव्हती. ती दारातच उभी राहिली. गाडी पुन्हा सुरू झाल्याचं ऐकू आलं, तेव्हा आत गेली.